कच्चा दोरा

दाखल करतानाच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना होता. मी तिथे ‘निवृत्त’ लिहिलं. घाई होती, मागे रांग होती, आणि ते खोटंही नव्हतं. बाबांनी दुकान बंद केल्याला सहा वर्षं झाली होती.

आजार थोडक्यात सांगता येतो. मेंदूला झटका आला, त्यात बोलणं गेलं. हातपाय वाचले. गिळताना ठसका लागायचा, त्यातून छातीत कफ झाला. जेवणासाठी नाकातून नळी घातली, औषधासाठी डाव्या हाताला सलाइन लावलं. आपण कुठे आहोत हे बाबांना कळत नव्हतं. मला ते ओळखत होते की नाही, हे मी ठरवायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी सलाइन दोनदा आणि नाकातली नळी एकदा काढली. डॉक्टर तरुण होते आणि बराच वेळ झोपले नव्हते.

“हात बांधावे लागतील,” ते म्हणाले. “सही करा.”

मला वाचायची सवय आहे. ते संमतीपत्र मी पूर्ण वाचलं, दोनदा. त्यात ‘रुग्णाच्या हितासाठी’ हे शब्द तीन वेळा होते. मग मी सही केली. मनगटाभोवती कापूस, त्यावर बँडेज, आणि बँडेजची टोकं कॉटच्या कठड्याला. आत दोन बोटं जातील एवढी ढील ठेवतात. दर दोन तासांनी सोडून कातडी तपासतात. हे सगळं त्या दिवशीच्या सिस्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गाठीकडे पाहत होते.

बांधल्यावरही त्यांची बोटं चालूच राहिली. अंगठा आणि तर्जनी जवळ यायची, काहीतरी चिमटीत धरायची आणि उचलायची. पुन्हा तेच. शेजारच्या कॉटवर हृदयाचं दुखणं घेऊन आलेले एक म्हातारे बसड्रायव्हर होते. वॉर्ड त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचा. ते बराच वेळ बघून म्हणाले, “ताई, तुमचे वडील काय मोजतायत?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

हे मात्र खोटं होतं, फक्त ते खोटं आहे हे मला त्या वेळी कळलं नाही.

वॉर्डात बावीस कॉट होत्या आणि एका पाळीला चार सिस्टर. आमचा सात नंबर दोघींच्या वाट्याला यायचा. एक मोठ्या सिस्टर, वॉर्डाच्या प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, कमी बोलणाऱ्या. चादरीच्या कोपऱ्याला पडलेली सुरकुती त्यांना दारातून दिसायची. दुसऱ्या धाकट्या सिस्टर. त्या चालत नसत, पळत. आणि पळता पळता बोलत.

चौथ्या दिवशी सकाळी धाकट्या सिस्टरांनी कातडी तपासायला बँडेज सोडलं आणि पुन्हा बांधलंच नाही. सलाइनच्या हातावर आपला तळवा ठेवून त्या बघत बसल्या. बाबांची उजवी बोटं सलाइनच्या चिकटपट्टीवर आली. नखाने पट्टीचं टोक उचललं. ओढलं नाही, उचललं. मग हळूच कोपरापर्यंत हात मागे.

“बघा,” त्या मला म्हणाल्या. “बाकीचे पेशंट ओरबाडतात. हे ओरबाडत नाहीत. हे काढतात. काय करायचे हे?”

“निवृत्त आहेत.”

“ते फॉर्मवर वाचलंय हो. निवृत्त कशातून?”

“शिंपी होते. कोट शिवायचे.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ती बोटं मला ओळखू आली. कपाळावर हात मारून घ्यायची पाळी होती, पण मी नुसती बसून राहिले.

कोट शिवताना आतलं कॅनव्हास, अस्तर, कॉलर, सगळं आधी पांढऱ्या सुती दोऱ्याने कच्चं टाचतात. मग मशीन, मग इस्त्री. शेवटी तो कच्चा दोरा एकेक टाका उचलून काढून टाकायचा. नखाने उचलायचा, चिमटीत धरायचा, कोपरापर्यंत ओढायचा, दोन बोटांवर गुंडाळायचा. आमच्या दुकानात हे काम माझं होतं. आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत रोज शाळेतून आल्यावर मी तेच केलं. गुंडाळलेले दोरे एका डब्यात जायचे आणि डबा भरला की त्यातून टाचण्या खोचायची छोटी उशी व्हायची.

बाबांचा एकच नियम होता. कच्चा दोरा अंगावर ठेवून कपडा दुकानाबाहेर जायचा नाही. मी दहा वर्षांची असताना एका बँकेच्या साहेबांच्या कोटात, डाव्या खिशाच्या आत, माझा एक दोरा राहिला. बाबांच्या ते संध्याकाळी लक्षात आलं. दुकान उघडं टाकून ते साहेबांच्या घरी चालत गेले, दारात उभ्या-उभ्या दोरा काढला आणि परत येऊन माझ्या हातावर ठेवला. रागावले नाहीत. “लोकांना वाटेल, आपण काम अर्धं सोडतो,” एवढंच म्हणाले.

म्हणजे गेले चार दिवस त्यांना सगळीकडे कच्चे दोरे दिसत होते. पांढऱ्या चिकटपट्ट्या, नळी, बँडेज. कपडा तयार झालेला आणि कोणी दोरे काढायला तयार नाही. आणि ज्या मुलीचं ते काम होतं, तिने सही करून त्यांचे हात बांधून ठेवले होते.

मी हे सिस्टरांना सांगितलं, अर्थात शेवटचं वाक्य सोडून.

त्या म्हणाल्या, “मग सोपं आहे,” आणि पळाल्या.

दुपारी त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असायची. त्या दिवशी त्यांनी डबा डाव्या हाताने खाल्ला असावा, कारण उजव्या हाताने त्या मोडीत काढलेल्या चादरीच्या तुकड्यावर निळ्या दोऱ्याने टाके घालत होत्या. कापड घेऊन आल्या तेव्हा ड्रायव्हरकाकांनी मान उंचावून पाहिलं.

“सिस्टर, ही शिवण आहे की घाटाचा रस्ता?”

“काका, तुम्ही तुमचं हृदय सांभाळा.”

“सांभाळतोय. या वळणांनी धडधडायला लागलंय.”

बाबांच्या मांडीवर उशी, उशीवर कापड. त्यांची बोटं एकदाच कापडावर फिरली. मग नखाने पहिला टाका उचलला. तासाभरात सगळा दोरा निघाला, दोन बोटांवर गुंडाळला गेला. तो तास त्यांनी सलाइनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी रिकामं कापड उचललं, टाक्यांच्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि डाव्या हाताने ते धाकट्या सिस्टरांच्या पुढ्यात सरकवलं.

“हे काय? थँक्यू म्हणतायत?”

“नाही,” मी म्हणाले. “शिकाऊ कारागिराचं काम असं परत द्यायचे. पुन्हा कर, असा अर्थ आहे.”

“बघा! बोलता येत नाही तरी बोलणी खायला मिळाली.” पण त्या खूश झाल्या होत्या. “चुकलं काय ते तरी सांगा.”

“टाके लहान-मोठे आहेत. आणि कच्च्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत. एक उलटा टाका घेऊन सुरू करायचं. गाठ असली की ओढताना कापड खेचलं जातं.”

मी खाली जाऊन नोंदणीच्या खिडकीत विचारलं की ‘व्यवसाय’ बदलून मिळेल का. कारकून म्हणाले, एकदा भरलं की भरलं. वर आले तर कॉटच्या डोक्याशी चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं होतं : ‘कोटांचे शिंपी. हात सोडण्याआधी कापड द्या. गाठ मारू नका.’

पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना प्रत्येक पेशंटचं सांगतात. ताप किती, लघवी किती, औषध कोणतं. त्या दिवसापासून सात नंबरला एक वाक्य जास्त झालं. “कापड संपत आलंय, नवं घालून ठेवलंय.” तिन्ही पाळ्यांतल्या सिस्टर टाके घालायला लागल्या. कोणी फोनवर बोलता बोलता, कोणी रिपोर्टची वाट बघता बघता. बहुतेकींच्या हाताला शिवणाची सवय नव्हती, आणि बाबा सगळ्यांची कापडं निष्ठेने उसवून निष्ठेने परत करत होते. एकीने तर मला विचारलं, “दुकानात माणसं टिकायची का हो यांच्या?”

“एकही सोडून गेला नाही.”

“मार खाऊन?”

“नाही. काम परत घेऊन.”

मोठ्या सिस्टर यात नव्हत्या. त्यांनी चिकटपट्टीवरचं वाचलं. मग धाकट्या सिस्टरांना मी ऐकेन अशा बेताने म्हणाल्या, “तुला बारा नंबरचं ड्रेसिंग अकरा वाजता करायचं होतं. आता सव्वाअकरा झालेत.”

सातव्या दिवशी जे व्हायचं ते झालं. मी औषधं आणायला खाली गेले होते. पंधरा नंबरच्या पेशंटचं हृदय थांबलं आणि चौघीही तिकडे धावल्या. बाबांचं कापड संपलं होतं. मी वर आले तेव्हा नाकातली नळी त्यांच्या दोन बोटांवर व्यवस्थित गुंडाळलेली होती आणि ते खोकत होते. खोकला थांबेना. दोन तासांत ताप चढला.

डॉक्टरांनी धाकट्या सिस्टरांना सगळ्यांसमोर झाडलं. “हॉस्पिटल आहे हे, शिवणक्लास नाही. हात बांधा. लेखी खुलासा द्या.” मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून : “पहिल्या सहीची मुदत संपलीय. नवीन लागेल.”

धाकट्या सिस्टरांनी हातातला ट्रे दोनदा पुसला.

मी भावाला फोन लावला. तो दूर होता, तिकिटाच्या मागे होता.

“सही कर ना मग,” दादा म्हणाला. “डॉक्टर सांगतायत तर. तू काय त्यांच्यापेक्षा शहाणी?”

“दादा, ते दोरे काढतायत.”

“कसले दोरे?”

“कच्चे.”

दुकानात इस्त्री दादाकडे असायची. माझे दोरे निघाल्याशिवाय त्याला कोट मिळायचा नाही.

“तुला योग्य वाटेल ते कर,” तो म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसाला मोकळं वाटत असावं. मला तसं काही वाटलं नाही.

कागद मोठ्या सिस्टरांनी आणला. मी विचारलं, “तुम्ही काय केलं असतं?”

“ते मी सांगायचं नसतं.”

“सही नाही केली तर?”

“तर मी लिहीन की नातेवाइकांनी नकार दिला, जोखीम त्यांची. डॉक्टर चिडतील. आणि मग माणूस सतत जवळ पाहिजे. सतत म्हणजे सतत, औषध आणायला जायचं नाही. आम्ही चौघी, पेशंट बावीस. मी तुम्हाला माणूस देऊ शकत नाही.”

“मी आहे.”

“तुम्ही सात दिवस झोपलेल्या नाही. बसल्या-बसल्या डोळा लागला की दोन मिनिटं पुरतात.” मग त्या कागदाकडे पाहत म्हणाल्या, “आणि हेही सांगते. बांधले म्हणून ते बरे होतील असं नाही. सोडले म्हणूनही नाही. छाती भरलीय.”

त्या वेळी मला समजलं की प्रश्न फक्त एवढाच उरलाय : जे थोडे दिवस आहेत ते कसे जाऊ द्यायचे. मी तो कागद घडी घालून त्यांना परत दिला.

पाळी संपल्यावर धाकट्या सिस्टर साध्या कपड्यांत परत आल्या. जेवणाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी चौकटी आखल्या होत्या. सुटल्यावर एकेक तास कोण बसणार, ते लिहिलेलं. पाच जणी होत्या. त्यातल्या दोघींची मला तोंडओळखही नव्हती, त्या दुसऱ्या वॉर्डातल्या होत्या. मी काहीतरी बोलायला गेले.

“बोलू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रडाल, मग मला रडू येईल, आणि मला बस पकडायचीय.”

मोठ्या सिस्टरांनी तक्ता पाहिला. “हे भिंतीला लावायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मला कोणी विचारलं तर मला यातलं काही माहीत नाही.” आणि जाता जाता, “दुपारी दोन ते तीन रिकामं आहे.”

“ते मी बसेन,” मी म्हणाले.

“तुम्ही त्या वेळी बाहेर बाकावर झोपायचं. बघू काय ते.”

काय ते बघितलं गेलं असावं. कारण रोज दोन वाजता ड्रायव्हरकाका म्हणायचे, “जा ताई, आडव्या व्हा, मी आहे ना,” आणि रोज तीन वाजता मी परत यायची तेव्हा बाबा शांत असायचे आणि मांडीवर नवं कापड. त्या कापडावरचे टाके पहिल्या दिवशी बरे होते. दुसऱ्या दिवशी चांगले. तिसऱ्या दिवशी ते इतके सारखे पडले होते की मी कापड उजेडात धरून पाहिलं. सुरुवातीला गाठ नव्हती, उलटा टाका होता. बाबांनी ते कापड इतरांच्यापेक्षा सावकाश उसवलं. आणि परत केलं नाही. उशीखाली ठेवलं.

मी धाकट्या सिस्टरांना विचारलं.

“मी? माझे टाके असे पडतात का? काकांना विचारा.”

“मी झोपलो होतो,” ड्रायव्हरकाका म्हणाले. त्यांना झोप येत नाही, ही त्यांची रोजची तक्रार होती.

बाबा अकराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला गेले. मी जवळ होते, धाकट्या सिस्टर होत्या. श्वास आधी लांब झाला, मग विरळ. सकाळपासून त्यांनी दोऱ्याला हात लावला नव्हता. कापड मांडीवर होतं, अर्धं उसवलेलं, हात त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळे. डॉक्टर आले, तपासलं, वेळ लिहिली. ते निघताना थांबले आणि मला म्हणाले, “कोट कुठे शिवायचे हे?” मी दुकानाचा पत्ता सांगितला. “माझ्या वडिलांचा तिथलाच आहे बहुतेक,” ते म्हणाले. खरं असेल, नसेलही. त्यांनी तसं म्हटलं हे मी लक्षात ठेवलं आहे.

मग पडदे ओढले. मी घरून बाबांचा स्वतः शिवलेला पांढरा शर्ट आणला होता. धाकट्या सिस्टरांनी नळ्या काढल्या, चिकटपट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टी नखाने उचलून, हळू. अंग पुसलं, दाढी केली, शर्ट घातला. शेवटी त्यांनी बँडेजचा रोल हातात घेतला आणि तिथेच थांबल्या.

“काय झालं?”

“हात छातीवर घेऊन बांधायचे असतात,” त्या म्हणाल्या. “नाहीतर नेताना घसरतात. नियम आहे.” त्यांचं तोंड वाकडं झालं. “मी नाही बांधणार.”

मला त्यांना ‘बांधा’ म्हणता येईना आणि ‘नको’ही म्हणता येईना. नियमात अर्थ होता. त्याआधीच्या कागदातही होता.

पडदा सरला आणि मोठ्या सिस्टर आत आल्या. त्यांची पाळी दोनला संपली होती. त्या साध्या कपड्यांत होत्या, खांद्याला पिशवी. त्यांनी बँडेजचा रोल धाकट्या सिस्टरांच्या हातातून घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. पिशवीतून सुई काढली. ती दोरा ओवूनच ठेवलेली होती. दोरा पांढरा.

बाबांचे हात त्यांनी छातीवर घेतले, एकावर एक. मग शर्टाच्या दोन बाह्यांच्या कडा जुळवल्या. एक उलटा टाका घेतला आणि पुढे सहा टाके घातले, लांब आणि एकसारखे. दोरा कात्रीने कापला.

“गाडीपर्यंत टिकेल,” त्या म्हणाल्या.

मी टाक्यांकडे पाहत होते. “दोन ते तीन,” मी म्हणाले.

त्यांनी सुई पिशवीच्या पट्ट्यात खोचली. “मला सुटल्यावर लगेच घरी जाऊन काय करायचं असतं?” मग थोड्या वेळाने, “दोन दिवस त्यांनी कापड परत दिलं मला. पस्तीस वर्षांत माझं काम कोणी परत दिलेलं नाही.”

“तिसऱ्या दिवशी ठेवून घेतलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. चादरीचा कोपरा त्यांनी ओढून सरळ केला आणि गेल्या. ड्रायव्हरकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते. या वेळीही ते झोपलेले नव्हते.

दादा सात वाजता पोचला. गाडी खाली उभी होती, तिचं मागचं दार उघडं होतं. त्याने बाबांच्या कपाळाला हात लावला. मग बाह्यांवर वाकला.

“हे कच्चं राहिलंय.”

“माहीत आहे. मी काढते.”

“आधी गाठ काप,” तो म्हणाला. दुकानात मला तो हेच म्हणायचा, कारण नवीन कारागीर गाठी मारून ठेवायचे आणि मी घाईत ओढायची.

“गाठ नाहीये.”

मी पहिला टाका नखाने उचलला. गाडीवाले थांबले. दोरा सहज आला, कुठेही न अडकता, कोपरापर्यंत. दोन बाह्या सुट्या झाल्या. दादाने त्यांच्या कडा तळहाताने सारख्या केल्या, इस्त्री फिरवावी तशा. मी दोरा दोन बोटांवर गुंडाळला.

“झालं,” मी गाडीवाल्यांना म्हणाले. “आता न्या.”